डॉ. भाभा आणि मापाचा खरेपणा

पावसाळा सुरू झाला की शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा या जलाशयांच्या पातळीचे आकडे वृत्तपत्रांतून रोज प्रसिद्ध होऊ लागतात. मुंबईच्या वर्षभराच्या पाण्याचा हिशेब या आकड्यांवर मांडला जातो. पाणी मापपट्टीच्या कोणत्या रेघेपर्यंत पोहोचले, एवढेच पाहायचे असते. परंतु ती पट्टीच हातभर खाली बसवली गेली असेल, तर आकडा मोठा दिसेल आणि पाणी मात्र तेवढे नसेल. शेजारच्या मुरबाड तालुक्यात किलो-लिटर येण्यापूर्वी भात पायलीने मापला जाई. सर्वत्र पायली सारखीच असेल याची खात्री नसे. त्यामुळे किती पायल्या हे विचारण्याआधी पायली कोणती हे विचारणे शहाणपणाचे ठरे. मोजण्यापूर्वी मापाची परीक्षा करावी, हा व्यवहारातील नियम विज्ञानालाही तितकाच लागू आहे. विज्ञानात या परीक्षेला अंशशोधन म्हणतात. प्रयोगशाळांतून मात्र कॅलिब्रेशन हाच शब्द अधिक रूढ आहे.

शहापूर-मुरबाडच्या शाळांतील सहावीच्या आणि नववीच्या मुलांना डॉ. होमी भाभा हे नाव प्रथम भेटते ते बहुधा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या निमित्ताने. भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक ही त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांनी करून दिलेली असते. तथापि, मापाच्या खरेपणाशी त्यांच्या आयुष्याचा जो संबंध होता, तो सहसा सांगितला जात नाही. तो संबंध सरळ नाही. प्रयोगशाळेत काटेकोर असलेला हा शास्त्रज्ञ भविष्याविषयी बोलताना मात्र मोकळ्या हाताने आकडे मांडत असे. त्यातले काही आकडे काळाने खरे ठरवले, काही खोटे ठरवले. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या तरच त्यांचे चरित्र पुरते समजते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. शहापूरच्या डोंगरांतून तानसाचे पाणी मुंबईला मिळू लागून तेव्हा सतरा वर्षे झाली होती. वडील जहांगीर भाभा हे वकील होते, तर आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरात ग्रंथसंग्रह होता आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या. चित्रकला आणि संगीत यांची गोडी त्यांना येथेच लागली आणि ती अखेरपर्यंत टिकली. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा शिक्षणाचा प्रवास करून १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले.

मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरची इच्छा होती. होमींचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले होते. अखेर अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास पुढे गणिताच्या अभ्यासाला हरकत नाही, असा समझोता झाला. १९३० मध्ये त्यांनी ती अट पूर्ण केली. अभियांत्रिकीची ही वर्षे वाया गेली नाहीत. यंत्र कसे बनते, कोठे अडते आणि कोणत्या कारणाने खोटे वाचन दाखवते, याची जाण सैद्धांतिक शास्त्रज्ञाला सहसा नसते. भाभांना ती होती.

त्या काळचे केंब्रिज म्हणजे भौतिकशास्त्राची पंढरीच होय. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत लॉर्ड रदरफर्ड होते. १९३२ मध्ये चॅडविक यांनी तेथे न्यूट्रॉन शोधला आणि कॉकक्रॉफ्ट व वॉल्टन यांनी कृत्रिम वेग दिलेल्या कणांनी अणुकेंद्रक फोडले. इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा असलेला पॉझिट्रॉनही त्याच वर्षी अमेरिकेत सापडला. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळले तर ते किती प्रमाणात कोणत्या कोनात विखुरतील, याचे गणित भाभांनी मांडले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेली ही प्रक्रिया आज जगभर भाभा विकिरण या नावाने ओळखली जाते.

हे गणित पुढे अनपेक्षित कामी आले. कोणत्याही टकरीच्या प्रयोगात प्रथम एकूण किती टकरी होण्याजोगी परिस्थिती होती, हे कळावे लागते. त्याशिवाय पुढचा कोणताही आकडा निरर्थक ठरतो. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांत हे मोजण्यासाठी भाभा विकिरणच वापरले जाते. ते गणिताने अचूक काढता येते आणि मुबलक घडते. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात चाललेल्या मोठ्या यंत्रात याच मापाच्या आधारे न्यूट्रिनोंच्या जाती मोजल्या गेल्या. उत्तर २.९८४ आले, तीनपेक्षा किंचित कमी. ही तूट निसर्गातली की मापातली, हा प्रश्न अनेक वर्षे राहिला. पुढे, २०२० च्या सुमारास, भाभा विकिरणाच्या मोजणीतील बारीक दुरुस्त्या केल्यावर तो आकडा २.९९६ झाला. दोष बहुतांशी मापात होता. भाभांचे गणित अशा रीतीने जगाच्या प्रयोगशाळांत प्रमाण पायलीचे काम करीत आले आहे.

१९३७ मध्ये भाभा आणि वॉल्टर हाइट्लर यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. अवकाशातून आलेला एक कण वातावरणात शिरून हजारो कणांची साखळी कशी उभी करतो, याचे ते स्पष्टीकरण होते. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याआधीच नियतीने त्यांचा मार्ग बदलला होता. १९३९ मध्ये सुटीसाठी ते भारतात आले असताना महायुद्ध पेटले आणि केंब्रिजला परतणे अशक्य झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांनी काम सुरू केले.

बंगळूर चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहे. पृथ्वीचे चुंबकत्व विश्वकिरणांना तेथे सर्वाधिक अडवते, म्हणून तेथील मोजणीला विशेष मोल होते. युद्धकाळात परदेशी उपकरणे मिळण्याची शक्यता नव्हती. भाभा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गायगर गणक स्वतः तयार केले आणि ते अमेरिकी हवाई दलाच्या विमानांतून सुमारे तीस हजार फूट उंचीवर नेले. गणकांच्या ओळी एकाखाली एक ठेवायच्या, मध्ये शिशाचे थर घालायचे आणि सर्व ओळींतून एकाच क्षणी स्पंद आला तरच कण मोजायचा, अशी ही रचना होती. एकटा गणक भलत्याच कारणानेही टिकटिकतो. तिघे एकदम बोलले तर विश्वास ठेवता येतो. स्वतः बनवलेल्या उपकरणावर आधी स्वतःच संशय घ्यायचा, ही शिस्त या प्रयोगांत होती.

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था उभारण्याची योजना मांडली. अणुशक्तीचा विजेसाठी उपयोग होऊ लागेल, तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे पाहावे लागू नये, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमाच्या स्फोटाला तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक अवकाश होता! १९४५ च्या जूनमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूर येथे सुरू झाली आणि त्याच वर्षअखेर मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. तेथून ती गेट वे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आणि अखेर १९६२ मध्ये कुलाब्याच्या समुद्रकाठी स्थिरावली. कुलाब्याच्या भिंतींवर चित्रे लावण्यापासून आवारात झाडे जपण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत भाभांनी जातीने लक्ष घातले.

ऑगस्ट १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. ट्रॉम्बे येथे अणुशक्तीची प्रयोगशाळा उभी राहू लागली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. इंधन ब्रिटनचे होते. आराखडा आणि उभारणी येथल्या माणसांची. तिची नियंत्रण उपकरणे ए. एस. राव यांच्या इलेक्ट्रॉनिक्स गटाने देशातच तयार केली. बाहेरून विकत आणलेले उपकरण बिघडले तर ते का बिघडले, हे विकणाराच जाणतो. स्वतः घडवलेल्या उपकरणाची प्रत्येक खोड आपल्याला ठाऊक असते, ही भाभांच्या धोरणामागची दृष्टी होती. याच गटातून पुढे १९६७ मध्ये हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया उभी राहिली.

किरणोत्सर्गाशी संबंध येणाऱ्या कामगारांना किती मात्रा मिळाली, हे मोजण्याची व्यवस्थाही सुरुवातीच्या वर्षांतच झाली. या व्यवस्थेचा धागा आज अगदी आपल्या दारापर्यंत येतो. तालुक्याच्या रुग्णालयात क्षयरोग्याच्या छातीचे चित्र काढणाऱ्या क्ष-किरण तंत्रज्ञाने छातीवर एक छोटा बिल्ला लावायचा असतो. तो ठरावीक मुदतीने तपासला जातो आणि त्याला मिळालेली मात्रा नोंदवली जाते. ही पद्धत भाभा अणुसंशोधन केंद्राने देशात रुजवली. अशा किरणांच्या मोजमापाची राष्ट्रीय प्रमाणेही तेथेच सांभाळली जातात. बिल्ल्याचे अंशशोधन चुकले, तर धोक्याच्या मात्रेलाही निर्धोकपणाचा दाखला मिळेल. मापाचा खरेपणा ही येथे माणसाच्या जिवाची गोष्ट होते.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. तिचे अध्यक्षपद भाभांना मिळाले. आपल्या भाषणात त्यांनी एक धाडसी भाकीत केले. सूर्यात ज्या अणुसंमीलनाने ऊर्जा निर्माण होते, ते पृथ्वीवर नियंत्रित करण्याची रीत येत्या दोन दशकांत सापडेल, असे त्यांनी सांगितले. बड्या राष्ट्रांत या विषयावरील संशोधन तेव्हा गुप्त होते. भाभांच्या भाषणामुळे तो विषय जगाच्या व्यासपीठावर आला.

या क्षेत्रात मोजमाप किती फसवे असते, याचा धडा लवकरच मिळाला. जानेवारी १९५८ मध्ये ब्रिटनने झीटा या यंत्रातून संमीलनाचे न्यूट्रॉन मिळाल्याचे मोठ्या गाजावाजाने जाहीर केले. प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला तप्त वायू, सुमारे पन्नास लाख अंशांपर्यंत तापल्याचे सांगितले गेले. काही महिन्यांतच तो दावा मागे घ्यावा लागला. न्यूट्रॉन खरे होते, पण ते तापलेल्या प्लाझ्मातून नव्हे, तर त्यातील अस्थिरतेमुळे वेग मिळालेल्या मोजक्या कणांतून आले होते. पुढे १९६८ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी आपल्या टोकामाक यंत्रातील उच्च तापमानाचा दावा केला, तेव्हा जगाने तो लगेच मान्य केला नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ लेसरचे उपकरण घेऊन मॉस्कोला गेले, त्यांनी स्वतंत्रपणे तापमान मोजले आणि मगच तो दावा स्वीकारला गेला.

भाभांच्या आकड्यांतही सर्वच कसोटीला उतरले, असे नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने अणुस्फोट केल्यानंतर आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी दहा किलोटनांच्या स्फोटाचा खर्च साडेसतरा लाख रुपये असल्याचे सांगितले. हा आकडा अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अंदाजांवर बेतलेला होता आणि त्यात अणुभट्ट्या, कारखाने व मनुष्यबळ यांचा खर्च धरलेला नव्हता, अशी टीका झाली. ती रास्त होती. गणकाला शिशाच्या थरांतून तपासून घेणाऱ्या शास्त्रज्ञाने या आकड्याला तशी परीक्षा दिली नव्हती. द्रष्टेपण आणि काटेकोरपणा एका माणसात नांदतात, तेव्हा कधी कधी एक दुसऱ्यावर मात करते.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाकडे निघालेल्या भाभांचे विमान आल्प्स पर्वतात माँ ब्लाँ शिखराजवळ कोसळले. विमानातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. या अपघाताविषयी अनेक तर्क आजही रंगवून सांगितले जातात. फ्रान्सच्या चौकशीचा निष्कर्ष मात्र साधा आणि म्हणूनच अधिक चटका लावणारा आहे. विमानातील दिशादर्शनाच्या दोन ग्राहकांपैकी एक बंद होता, वैमानिकाचा शिखरापासूनच्या आपल्या स्थानाचा अंदाज चुकला आणि जमिनीवरील नियंत्रकाने पाठवलेली दुरुस्ती पुरेशा नेमक्या शब्दांअभावी गैरसमजाने स्वीकारली गेली. मृत्युसमयी भाभा ५६ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी ट्रॉम्बेच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

भाभांच्या हयातीतच, १९६० मध्ये, लेसरचा शोध लागला होता आणि त्या दशकाच्या मध्यास ट्रॉम्बे येथेही अर्धवाहक लेसर तयार झाला. पुढे लेसरच्या प्रखर झोताने धातूचा पृष्ठभाग क्षणात प्लाझ्मा करायचा आणि त्याचा अभ्यास करायचा, ही शाखा बहरली. ट्रॉम्बे, कुलाबा आणि १९८४ मध्ये पायाभरणी झालेले इंदूरचे प्रगत तंत्रज्ञान केंद्र येथे असे प्रयोग होत आले आहेत. असा प्लाझ्मा एका सेकंदाच्या अब्जांश भागापुरता किंवा त्याहूनही कमी काळ टिकतो. त्यात तापमापक बुडवता येत नाही. तो जे मृदू क्ष-किरण बाहेर टाकतो, त्यांवरूनच त्याची प्रकृती ओळखावी लागते.

छातीच्या चित्रासाठी वापरले जाणारे क्ष-किरण शरीरातून आरपार जातात. मृदू क्ष-किरणांची ऊर्जा त्यांच्या शतांशाइतकी किंवा थोडी अधिक असते. काही तर थोड्याशा हवेतही शोषले जातात. म्हणून सारा प्रयोग निर्वात पात्रात करावा लागतो. प्लाझ्माचे तापमान काढण्याची एक नेहमीची रीत अशी : दोन शोधकांपुढे ॲल्युमिनियमचे किंवा बेरिलियमचे वेगवेगळ्या जाडीचे पत्रे ठेवायचे आणि त्यांतून पार आलेल्या किरणांचे गुणोत्तर काढायचे. पत्रा काही मायक्रॉन जाडीचा, केसाहूनही कितीतरी पातळ. तो पाच मायक्रॉनचा समजला आणि प्रत्यक्षात सहाचा निघाला, तर काढलेले तापमानही चुकते. शोधकाच्या पृष्ठभागावर प्राणवायूचा किंवा तेलाच्या वाफेचा सूक्ष्म थर बसला, तरी त्याची संवेदनक्षमता बदलते.

म्हणून प्रयोगाआधी आणि नंतरही शोधकाची परीक्षा घेतली जाते. इंदूरच्या इंडस सिंक्रोट्रॉनसारख्या यंत्रातून ठरावीक ऊर्जेचा किरणझोत मिळतो. त्या झोतात आधी ज्याची संवेदनक्षमता निश्चित ठाऊक आहे असा प्रमाण शोधक ठेवायचा, नंतर त्याच जागी आपला शोधक ठेवायचा आणि दोघांची वाचने ताडून पाहायची. ऊर्जा बदलत हेच पुन्हा पुन्हा करायचे, म्हणजे शोधकाचा स्वभाव सांगणारा आलेख मिळतो. थोड्या अधिक ऊर्जेच्या किरणांसाठी लोह-५५ हा किरणोत्सारी स्रोतही उपयोगी पडतो. एवढ्यावर भागत नाही. सावकाश येणाऱ्या झोतात चोख वागणारा शोधक प्लाझ्माच्या एका लखलखाटात भांबावून कमी वाचन देऊ शकतो. त्यासाठी अंतर आणि छिद्रांचे आकार बदलून तो प्रमाणशीर बोलतो की नाही, हे वेगळे तपासावे लागते. हे काम किचकट, संथ आणि प्रसिद्धीपासून दूरचे आहे.

त्याचे मोल ५ डिसेंबर २०२२ रोजी दिसले. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेसर झोत एका छोट्या पोकळ नळीत सोडण्यात आले. नळीच्या आतील भिंतींतून निघालेल्या क्ष-किरणांनी इंधनाची गोळी दाबली गेली. लेसरने २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली आणि संमीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. नळीतील किरणांची तीव्रता सांगणारे तेथील दांते हे उपकरण म्हणजे अंशशोधित मृदू क्ष-किरण शोधकांची अठरा जणांची पंगतच आहे. तो दावा झीटासारखा मागे घ्यावा लागला नाही, कारण एकाहून अधिक स्वतंत्र मापांनी तीच साक्ष दिली. लेसर चालवण्यासाठी मात्र सुमारे ३०० मेगाज्यूल वीज खर्ची पडली होती. म्हणजे घरात दिवा लावणारे संमीलन अजून दूरच आहे.

भाभांच्या भाकिताची दोन दशके १९७५ मध्ये संपली. त्यांच्या शब्दांचा अर्थ कितीही उदारपणे लावला, तरी भाकीत चुकले, हे मान्य करावे लागते. परंतु चुकलेले भाकीत चुकले असे खात्रीने म्हणता येते, ते विश्वासार्ह मापांमुळेच. आणि तशी मापे घडवणाऱ्या, तपासणाऱ्या माणसांच्या पिढ्या या देशात ज्यांनी तयार केल्या, त्यांत भाभांचे स्थान अग्रभागी आहे. शिष्यांनी गुरूचा आकडाही ताडून पाहावा, एवढी शिस्त मागे ठेवणे हे काही लहान यश नव्हे.

बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकाची फेरी असते. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या मुलीपुढे त्या दिवशी तापमापक किंवा मोजपात्र येईल. वाचन घेण्याआधी उपकरणाचा शून्य खरोखरच शून्यावर आहे ना, हे तिने आपणहून पाहिले, तर ज्यांच्या नावाने ती परीक्षा घेतली जाते, त्यांचा वारसा तिच्यापर्यंत पोहोचला, असे निःशंकपणे म्हणता येईल.